समुपदेशन म्हणजे सोसण्याची शिकवणी नव्हे

महोदय,

संसारात खटके उडू लागले की ‘मन खंबीर कर’ हा सल्ला बाईला चहूबाजूंनी मिळतो. ते करायचे कसे, हे मात्र कोणी सांगत नाही. समुपदेशनाच्या कामात मला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा मोठा आधार वाटतो. प्रसंगापेक्षा त्याविषयीचा आपला अविवेकी विचार मनाला अधिक त्रास देतो, म्हणून तो तपासून बदलायचा, हे तिचे सूत्र. समोर बसलेली एक ताई पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली होती, ‘ह्यांनी अबोला धरला की वाटतं, आपण कवडीमोलाच्या.’ तिला वहीत आधी प्रसंग, त्याशेजारी त्या क्षणी मनात आलेले वाक्य आणि पुढे त्याचा परिणाम लिहायला सांगितले. काही आठवड्यांनी, नवऱ्याचा अबोला आणि आपली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिने स्वतःच्या अक्षरात लिहून आणले. लग्नानंतर सुटलेले शिवणकामही तिने पुन्हा हाती घेतले.

परंतु जिथे मारहाण, धमक्या वा पैशांची कोंडी आहे, तिथे बाईलाच विचार बदलायला सांगणे हा माझ्या मते अन्याय होय. तिथे सुरक्षितता आधी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाण्याची वाट दाखवावी आणि दोघांना समोरासमोर बसवण्याची घाई करू नये. मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. प्रशिक्षित समुपदेशक असलेले असे कक्ष प्रत्येक तालुक्यात असावेत, अशी शासनाला कळकळीची विनंती आहे.

– एक समुपदेशक, सातारा