शिट्टीचं पातेलं

प्रिय बंडू,

तुझं पत्र येऊन अडीच महिने झाले. लिहायला बसलो की कागदावर तुझ्याशी भांडणच उतरायचं, म्हणून ठेवून द्यायचो. परवा काकूंचा फोन आला. छोटूने पुन्हा दूध करपवलं आणि तू ओरडलास, "एवढं साधं कळत नाही?" आता गप्प राहवत नाही. माझा गुडघा बरा आहे, शुगर ताब्यात आहे.

बंडू, त्याला कळतं. दूध का उतू जातं ते विचार, नीट सांगेल. पण गॅस पेटवल्यापासून साय वर येईपर्यंतची ती काही मिनिटं हे काम डोक्यात धरून ठेवणं त्याला जड जातं. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. या मानसिक आजारात कानात येणारे आवाज, संशय हे गोळ्यांनी बरेच ओसरतात. लक्ष टिकवणं, आत्ता ऐकलेलं ध्यानात ठेवणं, विचारांचा वेग, कामाची आखणी यांतल्या अडचणी मागे उरतात आणि गोळ्यांचा त्यांवर फारसा उपयोग होत नाही. पुष्कळदा त्या आजार दिसायच्या आधीच सुरू झालेल्या असतात. बारावीला त्याचे मार्क घसरले तेव्हा आपण दोघांनी त्याच्या क्रिकेटवर खापर फोडलं होतं, आठवतं?

तू म्हणशील, इच्छाशक्ती हवी. त्यावरून कोयना एक्स्प्रेसमध्ये मिरजेपासून पुण्यापर्यंत भांडून झालंय, आणि त्या भांडणात माझ्या वाटणीचे वडे तू खाल्लेस, ते मी विसरलेलो नाही. चष्मा लागलेल्याला आपण "जोर लावून बघ" म्हणत नाही. छोटूला बदलायचं सोड, आधी स्वयंपाकघर बदल.

दुहेरी भिंतीचं शिट्टीवालं दुधाचं पातेलं आण. भिंतीच्या पोकळीत पाणी असतं, त्याची वाफ झाली की शिट्टी वाजते. पाणी घालायचं राहिलं तर शिट्टीच होत नाही आणि भांडं जळतं, म्हणून गॅसच्या वर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर मोठ्या अक्षरात कार्ड लाव: १. पोकळीत पाणी, झाकण घट्ट. २. आत दूध. ३. गॅस मध्यम. ४. शिट्टीपर्यंत इथेच बसायचं. ५. गॅस बंद, मग खालचा कॉकही. चौथ्या पायरीसाठी तिथे एक स्टूल ठेव. सगळा घोटाळा त्या पायरीवर होतो. वाट बघताना माणूस दुसऱ्या खोलीत गेला की काम डोक्यातून गेलंच.

शिकवताना "आठव बरं, पुढे काय?" असं विचारू नकोस. अंदाजाने केलेली चूकच पक्की बसते. प्रत्येक पायरी आधी करून दाखव, मग त्याच्याकडून करून घे. जमू लागलं की तुझी मदत शेवटच्या पायरीपासून मागे मागे काढत जा. एका वेळी एकच वाक्य सांग आणि मनात दहापर्यंत मोज. त्याचं उत्तर उशिरा येतं, पण येतं. तू चौथ्या आकड्यालाच दुसरा प्रश्न टाकतोस, कॅरममध्ये माझी सोंगटी थांबायच्या आत स्ट्रायकर उचलायचास तसा. मग पहिला प्रश्नही वाया जातो.

आंघोळ, कपडे यांत आधी बघ की तो सुरूच करत नाही, की मध्येच भरकटतो. दोन्हींचे उपाय वेगळे. सुरू होत नसेल तर साबण, टॉवेल, कपडे समोर मांडून ठेव आणि हाक मार. भरकटत असेल तर पसारा काढ, कपाटात समोर फक्त आजचा एक जोड ठेव. भिंतीवरचा कागद काही आठवड्यांनी डोळ्यांना दिसेनासा होतो, त्याची जागा आणि रंग बदलत जा.

गोळ्यांसाठी सात दिवसांची, सकाळ-रात्र कप्प्यांची डबी घे. रविवारी त्याच्याच हाताने भरून घे, तू नुसता बघ. मोबाईलचा गजर तो बंद करून झोपेल. डबी चहाच्या कपाशेजारी ठेव, चहा चुकत नाही.

एक महत्त्वाचं. हात थरथरू नयेत म्हणून दिलेली ट्रायहेक्सीफेनिडिल चालू आहे का? ती स्मृती मंदावते. अजून लागते का, कमी करता येईल का, एवढं डॉक्टरांना विचार. स्वतःहून एकही गोळी बंद करू नकोस.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही दिव्यांगत्वात धरलाय. प्रमाणपत्राला जाताना छोटूला काय एकट्याला जमतं आणि कशाला कुणी उभं राहावं लागतं, ते कागदावर लिहून ने. त्या खोलीत दहा मिनिटं तो नीट बोलेल आणि सगळं ठीक दिसेल. काकूंनाही कुणाशी बोलायला हवंय. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये घरच्यांचे स्वमदत गट असतात, एकदा घेऊन जा. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेली मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचं दुकान चालू झालं का? कळव.

छोटूला सांग, दिवाळीत येतोय आणि चहा त्याच्या हातचा घेणार. तू तेव्हा स्वयंपाकघरात यायचं नाहीस.

तुझा,
भाऊ