यंदा दिवाळीला येणं जमणार नाही

तीर्थस्वरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई गप्प होते आणि बाबा पावसावर घसरतात, म्हणून लिहूनच कळवते. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलची, पोवळ्यांवरच्या संशोधनाची नोकरी मी आणखी तीन वर्षांसाठी घेतली आहे. सहीही झाली. आणि यंदा दिवाळीला येणं होणार नाही. आधी पूर्ण वाचा, मग रागवा.

दिवाळीच का, तर इथल्या ग्रेट बॅरियर रीफवरची बरीचशी पोवळी वर्षातून एकदाच अंडी सोडतात, बहुतेक नोव्हेंबरात, पौर्णिमेनंतरच्या चार-सहा रात्रींत. तुमची त्रिपुरी पौर्णिमा झाली की आमची धावपळ सुरू. टाक्या त्याच्या आधी, म्हणजे ऐन दिवाळीत, तयार ठेवाव्या लागतात. त्या रात्री जेमतेम मिलिमीटरभराचे गुलाबी मणी पोवळ्याच्या तोंडाशी येऊन थांबतात आणि एकदम सगळे मिळून सुटतात. ती वेळ हुकली तर पुढच्या वर्षापर्यंत हात चोळत बसायचं.

बाबा, तुम्ही म्हणालात, "शेवाळावर अजून तीन वर्षं?" किल्ल्याच्या मागे ओहोटीला मला खांद्यावर घेऊन तुम्ही ती तपकिरी ढेकळं दाखवायचात, आठवतंय? तो तपकिरी रंग पोवळ्याचा नव्हेच. त्याच्या पेशींच्या आत सूक्ष्म शेवाळ राहतं, त्याचा तो रंग. शेवाळ उन्हावर साखर बनवतं आणि पोवळ्याला लागणारं ९० टक्क्यांपर्यंत अन्न तेच पुरवतं. पाणी फार तापलं की त्याच शेवाळातून घातक ऑक्सिजन तयार होऊ लागतो, पोवळं त्याला बाहेर काढतं, पांढरंफटक पडतं आणि उपाशी राहतं. लवकर गारवा आला तर सावरतं. इथे २०१६ ते २०२४ मध्ये पाच वेळा मोठ्या प्रमाणावर असं झालं, सावरायला उसंत कुठली?

पण शेवाळाच्या जाती अनेक आहेत. आमच्या किनाऱ्यावरून समोरच दिसतं ते मॅग्नेटिक बेट. दक्षिणेकडच्या केपल बेटांवरची पोवळी तिथल्या जास्त उबदार पाण्यात आणून ठेवली, तेव्हा त्यांतली बरीच पांढरी पडली, काही मेलीही. जी तगली त्यांच्यात आतलं शेवाळ बदललेलं निघालं. उष्णता सोसणारी जात वरचढ झाली होती, आणि पोवळं एक ते दीड अंश जास्त सोसू लागलं. हे २००६ साली छापून आलं. मात्र हे फुकट होत नाही. त्या जातीबरोबर लहान पोवळी फार हळू वाढतात, नेहमीच्या जातीबरोबरची दोन-तीन पट वेगाने. आई, पेडण्याच्या मामांच्या खाजणातला कोरगुट भात तसाच ना, उतारा कमी पण खारं पाणी शिरलं तरी उभा? मग नेहमीच्याच शेवाळाला प्रयोगशाळेत ३१ अंशांवर चार वर्षं वाढवून पाहिलं. दहापैकी तीन वाणांनी पोवळ्याच्या पिल्लांना उन्हाळा सोसायला मदत केली. दहापैकी तीन! मला हे सोडून यायचं नाही, एवढंच खरं कारण आहे. बाकीची कारणं मी तुम्हाला फोनवर सांगितली ती जरा सजवलेली होती.

बहुतेक पिल्लं शेवाळाशिवायच जन्मतात, बाहेर पडल्यावर समुद्रातून ते मिळवतात. काहींना मात्र आई अंड्यातच शिदोरी बांधून देते. आई, तू कुठल्या गटातली हे सांगायला नको, माझ्या बॅगेत अजून तुझे आमसुलाचे डबे आहेत. आणि मंगळासाठी दिलेली पोवळ्याची अंगठी बोटात आहे. ते लाल पोवळं भूमध्य समुद्राच्या अंधारात वाढणारं, त्यात शेवाळ नसतंच, पण वाद नको. काढलेली नाही.

इथे जेवणाचे हाल नाहीत. तांदूळ, कुळीथ, सगळं मिळतं. पाण्यात उतरताना अंगभर सूट असतो, जेलीफिश काही करत नाहीत. मगरींचं विचारू नका.

आता ऐका. न्हाणीघरात दांडा बसवायला माणूस येईल, त्याला "कशाला उगाच" म्हणून परत पाठवू नका, पैसे दिलेत. मावशी रात्री थांबायला तयार आहेत, आईने त्यांच्यासमोर भांडी घासायला बसायचं नाही. बीपीची गोळी सकाळीच. माडीवर जिन्याने दिवसातून एकदाच. नानींच्या वेळेसारखं "बरंय, बरंय" करत दिवस काढायचे नाहीत, चक्कर आली तर त्याच दिवशी सांगायचं. तुमचे चार वाजले की इथे साडेआठ होतात, चहाच्या वेळी फोन करत जाईन.

मेमध्ये येते, चांगली महिनाभर. तिकीट काढलंय. तेव्हा हवं तर भांडू.

तुमची,
मनू

ता. क. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन "मनू आल्यावर करू" म्हणून पुढे ढकलायचं नाही. डॉक्टरांकडून याच महिन्यातली तारीख घ्या आणि मला कळवा.