फोन लॉक्ड की अनलॉक्ड, ते बिलावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे स्टेशनच्या आसपास आणि वाशीत परदेशातून आलेले वापरलेले आयफोन ‘इम्पोर्टेड पीस’ म्हणून सर्रास विकले जातात. नव्यापेक्षा स्वस्त पडतात म्हणून कॉलेजची मुलं ते घेतात, त्यात गैर काही नाही. पण फोन अनलॉक्ड आहे की तिकडच्या एखाद्या टेलिकॉम कंपनीला बांधलेला, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

गिऱ्हाईकही विचारत नाही. फोन दुकानातून आणि सिम आपल्या मर्जीचं, ही आपल्याकडची रीत. (२००३ साली ५०१ रुपये भरून घेतलेले, फक्त रिलायन्सवरच चालणारे हँडसेट ज्यांना आठवतात, त्यांची गोष्ट वेगळी!) अमेरिकेत मात्र बरेच फोन टेलिकॉम कंपनीच हप्त्यावर देते आणि पैसे फिटेपर्यंत दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालू देत नाही. हे लॉक तीच कंपनी काढू शकते, खुद्द ॲपलसुद्धा नाही. तिथल्या मालकाने हप्ते थकवले असतील तर नौपाड्यातल्या माणसाने कुणाचे पाय धरायचे?

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचं हेच झालं. दुकानात नेटवर्क व्यवस्थित आलं. घरी फोन अपडेट केला आणि स्क्रीनवर ‘सिम नॉट सपोर्टेड’. ट्रे काढला तर सिमला खालून कागदासारखी पातळ चिप चिकटवलेली. फोनची दिशाभूल करून लॉक चुकवायची ही युक्ती, अपडेट झालं की कधीही बंद पडते. दुकानदाराने वर ऐकवलं, “अपडेट कशाला केलंत?” बिलावर फक्त मॉडेल आणि रक्कम, आयएमईआय नंबरचा, म्हणजे त्या फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाचा पत्ता नाही.

खरं तर ही तपासणी काउंटरवरच होते. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडायचं. ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलं नाही, तर पैसे काढूच नयेत. ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आयएमईआय जरूर तपासावा, पण तिथे हे लॉक कळत नाही. शिवाय अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ ला सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम चालतं. तेही घरी गेल्यावर कळतं.

जपानने ऑक्टोबर २०२१ पासून नव्या फोनना सिम-लॉक लावणंच बंद केलं. आपल्याकडे इतकं मोठं काही नको. वापरलेला परदेशी फोन विकताना बिलावर आयएमईआय आणि ‘लॉक्ड’ किंवा ‘अनलॉक्ड’ एवढं लिहिणं बंधनकारक करावं. वस्तूची खरी माहिती मिळणं हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपला हक्कच आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या व्यापारी संघटनांनी हे स्वतःहून सुरू केलं तर सचोटीने धंदा करणाऱ्या दुकानदारांचाच फायदा आहे. फसवणूक झाली असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, तेव्हा पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानातून निघू नये.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)