नाकारलेल्या वाक्यांबद्दल आभार

संपादकताई,

सप्रेम नमस्कार.

मंजूर झालेल्या वाक्यांबद्दल आभार मानायची रीत आहे. आमचं हे उघडं पत्र मात्र तुम्ही परत पाठवलेल्या वाक्यांबद्दल आहे. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या प्लगिनची, म्हणजे त्याला जोडायच्या पूरक भागांची, मराठी भाषांतरं पाठवायला हौशी माणसं मिळतात. ती एकेक करून वाचणारं आणि 'हे चालणार नाही, कारण...' असं लिहून परत करणारं माणूस मिळणं फार अवघड.

पहिला मान '२ दिवस पूर्वी'चा. वर्डप्रेस ही वेळ दोन तुकडे जोडून छापतं. एका तुकड्यात संख्या आणि एकक, म्हणजे '२ दिवस' किंवा '५ तास'. दुसऱ्यात एक रिकामी जागा, जिथे ऐन वेळी पहिला तुकडा बसतो, आणि तिच्यापुढे इंग्रजी 'अगो'साठी आपण दिलेला शब्द. इंग्रजीत दोन्ही शेजारी ठेवले की काम झालं. मराठीत 'पूर्वी' लागलं की 'दिवस'चं 'दिवसां' व्हायला हवं, पण तो तुकडा तर आधीच ठरून आलेला असतो. मग कुणीतरी डोकं लढवून पहिल्याच तुकड्यात 'दिवसां' लिहितं. तोच तुकडा दुसरीकडे 'पूर्वी'शिवाय एकटाही छापला जातो, आणि तिथे '२ दिवसां' असं काहीतरी लोंबकळत राहतं. तुम्ही दोन्ही परत पाठवलीत, शेजारी एकच शब्द लिहून: 'आधी'. '२ दिवस आधी', '१ तास आधी', '५ मिनिटे आधी'. सामान्यरूप करायची गरजच उरली नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हा उपाय सापडणार नाही, कारण पुस्तकातली वाक्यं तुकड्यातुकड्यांनी येत नाहीत.

नावांना विभक्ती लावतानाही असंच. 'सुनीता ने' असं तोडून लिहिलेलं डोळ्यांना खुपतं, म्हणून प्रत्यय रिकाम्या जागेला चिकटवायचा. माणसाच्या नावापुरतं ते बहुतेक वेळा निभावतं: 'सुनीताने', 'सुनीलने'. पण त्या जागी 'पान' आलं की 'पानने' उमटतं. म्हणून तुमचा नियम: जागेत व्यक्ती येणार असेल तर प्रत्यय चिकटवा, वस्तू येणार असेल तर वाक्यच फिरवा. लिंगाचंही तेच. जागेत कधी 'लेख' येणार, कधी 'प्रतिक्रिया', कधी 'पान'. हटवला, हटवली की हटवले? तुम्ही सुचवलंत 'हटवलेल्या नोंदी:' आणि पुढे रिकामी जागा. एका विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी तिन्ही लिंगांचं भांडण मिटवलं.

आता टक्क्याच्या चिन्हाबद्दल, कारण इथे चूक झाली तर भाषा बिघडण्यावर भागत नाही, साइट पडते. टक्का आणि त्याला चिकटलेला इंग्रजी एस ही रिकाम्या जागेची खूण. अशा दोन जागा असल्या की मधे आकडा आणि डॉलरचं चिन्ह घालून त्यांना क्रमांक देता येतात. मराठीत शब्दांचा क्रम इंग्रजीहून वेगळा पडतो, त्यामुळे या क्रमांकांशिवाय पान हलत नाही. फक्त तो आकडा इंग्रजीच असायला हवा. मराठी कळफलकावर लिहिता लिहिता तिथे देवनागरी १ पडला, तर पीएचपीला, म्हणजे वर्डप्रेस ज्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलंय तिला, ती खूण ओळखू येत नाही. पीएचपी ७ पर्यंत अशा वेळी मजकूर विद्रूप व्हायचा आणि गाडी पुढे जायची. पीएचपी ८ मात्र थेट एरर फेकतं आणि ते पान तिथेच कोसळतं. '५०% सूट'मध्येही हीच मेख आहे: रिकाम्या जागा असलेल्या वाक्यात खरा टक्का छापायचा तर चिन्ह दोनदा लिहावं लागतं. खूण गळली तर ग्लॉटप्रेस, म्हणजे आपण भाषांतरं भरतो ती प्रणाली, इशारा देतं हे खरं, पण तो वाचून थांबणारं कुणी लागतंच.

मूळ वाक्यासोबत येणारी संदर्भाची बारीक ओळ वाचायची सवयही तुमच्यामुळेच लागली. कॅलेंडरमध्ये इंग्रजी 'एस' दोनदा येतो, एकदा रविवारचा आणि एकदा शनिवारचा. 'टी'ही दोनदा, मंगळवार आणि गुरुवारचा. मूळ अक्षर एकच, फरक फक्त त्या ओळीत. ती न वाचता भरलं की आठवड्यात दोन रविवार येतात. (काहींना चालेल म्हणा.) 'ऑर्डर'चंही तसंच: दुकानाच्या प्लगिनमध्ये ती ऑर्डर, यादी लावताना तो 'क्रम', आणि यंत्राकडून घाऊक भाषांतर करून चिकटवलं की ती होते 'आज्ञा'.

आणि तो 'ऱ्य'. 'दुसऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मग डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. नुसती अक्षरं जुळवणाऱ्या शोधात एक सापडतो, दुसरा निसटतो. हे तुमच्या कसं लक्षात येतं, हे कोडं आम्हाला अजून सुटलेलं नाही.

हे सगळं तुम्ही करता तेव्हा मागे घड्याळ चालू असतं. प्लगिनचा पहिला भाषा पॅक, म्हणजे वापरणाऱ्याच्या साइटवर पोचणारा भाषांतरांचा संच, तयार व्हायला स्थिर आवृत्तीतली ९० टक्के वाक्यं मंजूर असावी लागतात. २०० वाक्यांचं प्लगिन धरा. सगळी २०० भाषांतरित आहेत, पण १७५ मंजूर आणि २५ प्रतीक्षेत, तर हिशोब ८७.५ टक्क्यांचा. पॅक नाही, वापरणाऱ्याला सगळं इंग्रजीतच. १८० झाली की गाडं सुटतं. त्यात मूळ इंग्रजी वाक्यात कुणी स्वल्पविराम हलवला की जुनं भाषांतर 'फझी' (पुन्हा तपासायचं) होऊन पुन्हा तुमच्याच रांगेत. वर्डकॅम्प या वर्डप्रेसच्या मेळाव्यात योगदान दिवशी एका टेबलाभोवती आठ-दहा जण बसून शेकडो वाक्यं पाठवतात, फोटो निघतात, जेवणं होतात. त्यानंतरचे कित्येक आठवडे ती रांग एकटं कुणीतरी उपसत असतं. अशा दिवसांना आमचा विरोध नाही. टेबलावर तपासणाराही बसवावा, इतकंच.

वर्डप्रेस मुळात उभं राहिलं तेच दुसऱ्याचं अर्धवट राहिलेलं काम उचलून. मिशेल वाल्द्रिगी यांचं 'बी२' हे ब्लॉगचं सॉफ्टवेअर रखडलं, तेव्हा २००३ मध्ये मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी ते पुढे नेलं. जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना होता म्हणून ते करता आलं. परवाना कोड उचलायची मुभा देतो. समोरच्याचं वाक्य धीराने वाचायला मात्र तो कुणाला लावू शकत नाही.

तुमच्या रांगेवरचा भार हलका व्हावा म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. एका वेळी दहा-पंधराच वाक्यं पाठवायची. ती परत आल्याशिवाय पुढची नाहीत. आधी शब्दसूची उघडायची, मग कळफलक. पाठवण्यापूर्वी एका चाचणी साइटवर भाषा मराठी करून, फाइल चढवून, प्रत्यक्ष बटणावर ते वाक्य मावतंय का ते बघायचं. 'बदल जतन करा' मावतं, 'केलेले सर्व बदल जतन करा' मोबाइलवर दोन ओळींत तुटतं.

सध्या आमची बारा वाक्यं तुमच्याकडे पडून आहेत. घाई नाही. सातव्यात रिकाम्या जागेच्या खुणेनंतर स्पेस द्यायची राहिली आहे, पाठवल्यावर दिसलं. ते नाकारून टाका, दुरुस्त करून पुन्हा पाठवतो.

तुमचे,
मराठीत साइट बांधणारे काही जण