आधी पाढे ऐकून घेणाऱ्या प्रोग्रामरला

सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालू नका, नाहीतर सोलापुरातले बंद पडलेले सगळे टेपरेकॉर्डर माझ्या दारात येतील, असे तुम्ही हसत बजावले होते, म्हणून हे बिननावाचे लिहिते आहे. मात्र माझा जुना घरगुती संगणक, स्पेक्ट्रम प्लस, दुरुस्त करून त्यावर मराठी पाढे बसवल्याबद्दलचे आभार खासगीत मानून भागणार नाही, कारण त्याची टिंगल ज्यांनी केली, त्यांनी ती चारचौघांत केली होती.

हा संगणक 1986 पासून आपल्याकडे परवान्याखाली विकला जाऊ लागला. त्याच्या थोडे आधी केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले होते. आमची शाळा त्या निवडीत नव्हती, म्हणून आम्ही पतिपत्नींनी पदरमोड करून हे 48 किलोबाइटचे यंत्र घरी आणले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी (म्हणजे साडेतीनचा पाढा) असे अपूर्णांकांचे पाढे मराठीतून म्हणून घेणारा प्रोग्राम त्याच्यावर असावा, ही माझी इच्छा तेव्हापासूनची आहे. ती ऐकून एका दुकानदाराने “बाई, यापेक्षा तुमच्या मोबाइलच्या चार्जरला जास्त डोके असेल” असे म्हणून गिऱ्हाइकांना हसवले. दुसऱ्याने तेवढीही करमणूक केली नाही. स्पेक्ट्रमच्या वीजपिनेत ऋण टोक मध्यभागी असते आणि आजच्या बहुतेक अडॅप्टरांत धन, हे पाहण्याची तसदी न घेता त्याने हाताला लागेल तो अडॅप्टर खुपसला, खालच्या 16 किलोबाइट मेमरीचा निकाल लावला आणि वर तपासणीचे पैसे मागितले.

दुरुस्ती तुम्ही कशी केली, कोणत्या चिपा बदलल्या आणि कळफलकाखालचा तडकलेला पडदा कुठून मिळवला, हे तुम्ही समजावले होते, परंतु ते तुमचे तुम्हाला लखलाभ असो. माझ्या मनात घर करून राहिली आहे ती त्यानंतरची गोष्ट. मी पाढ्यांची वही पुढे केली, तेव्हा तुम्ही ती बाजूला ठेवून म्हणालात, “बाई, वही नंतर बघू. तुम्ही वर्गात म्हणायचा तसे आधी म्हणून दाखवा.” टॉवेलच्या कारखान्यात दिवसभर हिशेब करून आलेला माणूस रात्री एका निवृत्त शिक्षिकेसमोर मोबाइलवर सेकंद मोजत बसला आणि मी तेराचा पाढा, मग औटकी, खड्या आवाजात म्हटली. मध्ये एकदाही तुम्ही घड्याळाकडे पाहिले नाही की “समजले, पुरे” असे म्हटले नाही.

त्या ऐकण्याचे फळ पडद्यावर दिसते. स्पेक्ट्रम सेकंदाचे पन्नास भाग मोजतो, एवढेच मला ठाऊक होते; त्या मोजणीतून तुम्ही प्रत्येक ओळीला तिचा श्वास दिलात आणि ‘तेरा साते एक्याण्णव’पाशी, जिथे पिढ्यान्‌पिढ्या मुले अडखळत आली आहेत, तिथे थोडा जास्त वेळ ठेवलात. मी तुम्हाला तसे सांगितले नव्हते. माझा आवाज त्या ओळीपूर्वी किंचित थांबतो, हे तुम्ही टिपले होते. चाळीसएक मुलांच्या वर्गापुढे इतकी वर्षे उभी राहूनही मला स्वतःची ही सवय माहीत नव्हती.

बाकीचे कामही कौतुकाचे आहे. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत रोमन अक्षर सुखाने बसते, पण आपल्या वेलांट्या आणि उकार तिथे गुदमरतात. शिवाय स्वतःची अक्षरे काढण्यासाठी यंत्र सहजी देते त्या जागा फक्त 21. तुम्ही त्या वाटेला न जाता स्वतंत्र अक्षरसंच रचलात आणि एकावर एक दोन चौकटी जोडून अक्षराला उंची दिलीत. त्यामुळे पडद्यावरच्या 24 ओळींच्या 12 झाल्या: दहा पाढ्याच्या, एक शीर्षकाची आणि एक मुलाला सूचना देण्याची. हा हिशेब इतका चपखल जुळला की मी उगाच खूश झाले. एका चौकटीत दोनच रंग मावतात, ही या यंत्राची जुनी खोड. तिच्याशी न भांडता तुम्ही उत्तरे पिवळी केलीत. आणि औटकीत 10.5 असे कोरडे न लिहिता ‘साडेदहा’ लिहिलेत, त्याबद्दल गणिताच्या बाईंकडून वेगळे गुण. प्रोसेसरही साडेतीन मेगाहर्ट्झचाच, म्हणजे औटकीसाठी हेच यंत्र योग्य होते, असे मी आता सर्वांना सांगत असते.

पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी काही मुले सुटीत माझ्याकडे येतात. तुमच्या मोबाइलमधून प्रोग्राम भरण्याचा तो कर्कश आवाज यंत्रात शिरू लागला आणि पडद्याच्या कडेने निळे-पिवळे पट्टे धावू लागले, तेव्हा त्यांनी पाढ्यांआधी पट्ट्यांनाच टाळ्या दिल्या. नंतर मात्र ती यंत्राबरोबर एका लयीत म्हणू लागली.

कौशल्य असलेली माणसे आपल्या गावात कमी नाहीत. समोरच्याला जे हवे आहे ते त्याच्या तोंडून पूर्ण ऐकेपर्यंत आपले कौशल्य खिशात ठेवणारी माणसे मात्र शोधावी लागतात आणि अशा माणसाला भेटल्यावर आपणही बँकेच्या खिडकीशी, रिक्षात, भाजीवालीपाशी जरा नीट बोलू लागतो, असा माझा गेल्या काही आठवड्यांचा अनुभव आहे. तुम्ही पैसे घेतले नाहीत, हा मोठेपणा मी मान्य करते. परंतु पैसे घेऊन एवढे ऐकले असतेत, तरी हे पत्र मी लिहिलेच असते.

निमकी आणि पाऊणकी अजून राहिल्या आहेत. त्याही म्हणून दाखवीन, पण माझ्या घरी, पंख्याखाली. मे महिन्यात तुमच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बसणे मला झेपणार नाही. येताना आईंनाही घेऊन या. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तयार असेल.

आपली कृतज्ञ,
एक निवृत्त गणित शिक्षिका, सोलापूर