‘नकारात्मक’ नव्हे, ‘ऋण’ म्हणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा’ हे चुकीचे वाक्य मानसशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत ठाण मांडून बसले आहे. निम्मा दोष शब्दाचा. ‘नकारात्मक’ म्हटले की काहीतरी वाईट असेच मनात येते. त्याऐवजी गणितातला ‘ऋण’ घ्यावा. प्रबलनाने वर्तन वाढते, शिक्षेने घटते. धन-ऋण ही खूण फक्त काय मिळाले आणि काय गेले एवढेच सांगते.

मोटारीत सीटबेल्ट लावला नाही की टींटीं सुरू होते, लावला की थांबते. कटकट गेली, बेल्ट लावणे वाढले: ऋण प्रबलन. चौकात दंडाची पावती फाटली आणि बेल्टविना हिंडणे कमी झाले, तर ती ऋण शिक्षा. वजाबाकी दोन्हीकडे, परिणाम उलटा. (पावती भरूनही गडी तसाच हिंडत असेल, तर शास्त्राच्या लेखी ती शिक्षाच नव्हे.)

किराणा दुकानातला प्रसंग याहून कसदार. पोर बरणीकडे बोट दाखवून भोकाड पसरते, आई गोळी हातावर ठेवते, रडे थांबते. वर्गात चर्चा होते ती पोराची: रडल्यावर गोळी मिळाली, म्हणजे धन प्रबलन. पण त्याच क्षणी आईही शिकते. कान किटवणारा आवाज गेला, म्हणून तिचे ‘देणे’ बळावले: ऋण प्रबलन. फळ्यावर दोघांचे वेगळे रकाने आखावेत आणि प्रत्येकाचे वर्तन, त्याआधी काय घडले, त्यानंतर काय घडले हे लिहून घ्यावे. मग विलोपनाकडे, म्हणजे प्रबलन थांबवून सवय मोडण्याकडे, वळावे. गोळी बंद केली की रडे लगेच ओसरत नाही, अनेकदा आधी भडकते. पालक नेमके इथे हात टेकतात. तिसऱ्या दिवशी गोळी दिली, तर बळ मिळते ते सर्वांत मोठ्या रडण्याला. शिवाय अधूनमधून फळणारी सवय रोज फळणारीपेक्षा चिवट.

आवाजानंतर अन्न मिळत गेल्याने नुसत्या आवाजानेही लाळ गाळणाऱ्या पावलॉव्हच्या कुत्र्याला पर्याय म्हणून कुकरची शिट्टी सांगतात. ती फसते, कारण शिट्टी आणि पहिला घास यांत वीस-पंचवीस मिनिटे जातात. अभिजात अभिसंधानात, म्हणजे अशा जोडीतून होणाऱ्या शिकण्यात, हे अंतर सहसा सेकंदांचे हवे. त्यापेक्षा चिंच बरी. आंबट चवीने लाळ सुटते ती उपजत, नुसत्या दर्शनाने सुटते ती शिकलेली. वर्गात चिंचेशेजारी कोणीच न चाखलेले एखादे फळ ठेवावे आणि कशाने तोंडाला पाणी सुटले ते विचारावे.

मानसशास्त्राचे एक शिक्षक, सातारा