हरकतीची मुदत तीस दिवस

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवरच सांगणार होते. चारदा लावला, आणि चारही वेळा बीपी आणि दूधवाला एवढंच बोलून ठेवला. म्हणून पत्र. आई, तूच मोठ्याने वाच, पण आधी दोघांच्या सकाळच्या गोळ्या होऊ देत.

मी लग्न करते आहे. कोणाशी, ते आईने कधीच ओळखलं असणार. सोमवारी विवाह अधिकाऱ्यांच्या कचेरीत नोटीस दिली. म्हणजे सोमवारी मी बडोद्यात होते आणि घरी आले नाही. रागवायचं तर आधी ह्यावर रागवा. पायच वळले नाहीत. स्पेशल मॅरेज ॲक्टची नोटीस कचेरीत तीस दिवस लावून ठेवतात, आणि आपल्या गणेश मंडळातल्या कोणाचं ना कोणाचं तिथे काम निघणारच. त्यांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

विधी नकोत म्हणून ही वाट धरली. पंचावन्नाव्या वर्षी मुंडावळ्या बांधून अंतरपाटाआड उभी राहिले तर मलाच हसू फुटेल. ह्या तीस दिवसांत कोणालाही हरकत घेता येते. बाबा, १९९१ साली तुम्ही तीस सेकंदांत घेतली होती. चेष्टा करते हो! कायद्याला चालणाऱ्या हरकती मोजक्याच आहेत, आणि ‘मुलगा गुजराती आहे’ ही त्यांत नाही.

तुम्ही रागवाल ह्याची भीती आता वाटत नाही. भीती वेगळीच आहे. पत्र वाचून बाबा गप्प होतील, झोपाळ्यावर जाऊन बसतील, आणि ‘तेव्हा उगाच अडवलं पोरीला’ असं मनात घोळवत राहतील. तसं करायचं नाही. ह्यांच्याबरोबर सत्तावीस वर्षं सुखाची गेली, ती कोणाच्या चुकीची भरपाई नव्हती. ह्यांचा फोटो माझ्याबरोबर येतो आहे. कुठल्या भिंतीवर लावायचा हे त्यानेच आधी विचारलं. खरं तर होकार मी त्या दिवशी दिला, पण ते त्याला सांगू नका.

आणि सुरुवात तुमच्याच दारात झाली. २०२४ च्या ऑगस्टात काळ्या घोड्यापाशी विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, समा भागातल्या आपल्या घरात तुम्ही वरच्या मजल्यावर अडकलात, फोन लागेना. पुण्यात बसून टीव्हीवर रस्त्यातल्या मगरी बघत होते. कॉलेजच्या ग्रुपमध्ये त्याचा नंबर होता, दोन वर्षं नुसता होता. तो लावला. ‘मी बोलतेय’ एवढंच म्हटलं, तर पलीकडून, ‘घर तेच ना? औषधं कुठली?’ पाणी जरा उतरताच ट्रॅक्टरवर उभा राहून तो आला. दुधाच्या चार पिशव्या, मेणबत्त्या, बाबांच्या गोळ्या. आणि आई, तू इतकी गोंधळलीस की दूध शेजारी ठेवून त्याला कोरा चहा दिलास! बाबा म्हणाले, ‘बसा.’ तेहतीस वर्षांनी म्हणाले. तो अजून सांगतो.

आता व्यवहाराचं. नोकरी सोडत नाहीये, बदली मिळाली आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मुलगा राहील, त्याला लग्नाचं ठाऊक आहे. बँकेत मी लिहून दिलं, ‘वृद्ध आई-वडिलांची देखभाल’. मुलालाही तेच सांगितलं. तुम्हाला तरी खरं सांगते, मी त्याच्यासाठी येते आहे. तुम्ही जवळ असाल हा वरचा लाभ. त्याचं घर अलकापुरीत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. तुमच्यासाठी एक खोली तयार आहे, कमोडजवळ दांडी बसवली आहे, गिझर आहे. पावसाळ्यात निदान दोन महिने तिथेच यायचं. देवघर पूर्वेला आहे. आई, तो अंडंही खात नाही, तेव्हा सोवळ्याची काळजी तू करू नकोस. त्यानेच तुझी करावी.

काल कपाट आवरताना कमाटी बागेतल्या छोट्या आगगाडीतला फोटो मिळाला. मी भोकाड पसरलेलं, कारण बाबा चौथ्यांदा बसू देईनात. आणि मग बसलोच होतो ना, बाबा? फोटोत तुम्ही हसताय.

बरं, ऐका. इन्व्हर्टर ह्या महिन्यात वरच्या मजल्यावर हलवायचा, ‘बघू’ नाही. बाबांनी स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. आईने गुडघ्याच्या गोळीआधी काहीतरी खायचं, चहा म्हणजे खाणं नव्हे. बटाट्याचा लिलो चिवडा डब्यात लपवून ठेवता ते मला माहीत आहे, बीपी तोही मोजतं.

शेवटचं एक. जादा फी भरली तर अधिकारी लग्न लावायला घरी येतात. आईला कचेरीचे जिने नकोत, म्हणून आपल्याच घरी, झोपाळ्याच्या खोलीत, असं मनात आहे. तुम्ही नको म्हणालात तर कचेरीत करू, मी रुसणार नाही. साक्षीदार तीन लागतात. त्याची बहीण आणि माझा मुलगा असे दोन झाले. तिसरं नाव आम्ही अजून कोणालाच विचारलेलं नाही. बाबा, आधार कार्ड शोधून ठेवा, आणि तो कोपरावर विरलेला सदरा नको.

आई, चहा मात्र ह्या खेपेस दुधाचा कर.

तुमची,
बेबी